दुधाच्या दातांखाली

नातीची दाढ किडली म्हणून दवाखान्यात गेलो आणि तिच्या जबड्याचा एक्स-रे पाहिला. दुधाच्या दातांखाली कायमचे दात मुकाट थांबलेले, पेरलेल्या बियांसारखे. सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचा पटाशीचा दात दिसला, तेव्हा घरभर केवढं कौतुक! तिसऱ्या वर्षापर्यंत २० दात आले. आता पुढचा एक हलू लागलाय. तिला तो पडण्याची घाई. मला उगाच हुरहुर. माझ्या पडलेल्या दातांखाली कुणीच थांबलेलं नाही, हेही मनात येऊन गेलं. पण साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ कुठलाही दात न पाडताच उगवते. म्हणून ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, तिला जपा.