मधला दिवस

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी नि ब्रातिस्लाव्हा ही स्लोव्हाकियाची. देश दोन, भाषा दोन, पण या दोन राजधान्यांमधलं अंतर अवघं साठेक किलोमीटर. आगगाडीनं तासाभराचा रस्ता. म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून अंबरनाथला जावं, तेवढंच की! माझी एक मावसबहीण नोकरीनिमित्त तिकडे असते आणि सुटीत एकटीच हिंडते. एका शहरातला मुक्काम हलवून दुसऱ्या शहरी जायचं, त्या दिवसाला तिकडची फिरस्ती मंडळी ‘ट्रान्सफर डे’ म्हणतात. तो दिवस वाया गेला असंच बहुतेकजण धरून चालतात. सामान बांधा, खोली सोडा, गाडी गाठा, दुसरी खोली शोधा, की संपला. बहिणीनं मात्र त्या तासाभराच्या प्रवासाला अख्खा दिवस दिला. वाटेत मार्खेग नावाचं सीमेवरचं एक लहान गाव लागतं, तिथं ती उतरली. कशासाठी, तर तिथल्या जुन्या झाडांवर पांढरे करकोचे घरटी करतात ती बघायला! गावापलीकडे मोरावा नदी. १९८९ पर्यंत या नदीच्या काठानं काटेरी तारा नि पहारे होते. नदी ओलांडून पळू पाहणारी कितीतरी माणसं जिवाला मुकली. बहीण करकोचे बघून, डबा खाऊन, दुपारच्या गाडीनं नदीवरचा पूल ओलांडून निघूनसुद्धा गेली.

तिचा तो लांबलचक मजकूर फोनवर वाचला आणि मला माझी वाट आठवली. माझं माहेर गिरगावात, सासर पुण्याला. मुंबई आजची राजधानी, पुण्यातून पेशव्यांनी राज्याचा कारभार हाकला. या दोन शहरांमध्ये मी बारा वर्षं ये-जा करते आहे, पण मधलं मला काय माहीत? कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पाट्या सर्रकन मागे जातात. तोपर्यंत मुलांना खायला देऊन झालेलं असतं नि माझा डोळा लागतो.

खरं तर या वाटेवर एके काळी मधे उतरावंच लागायचं. मुंबईकडची रेल्वे १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचली. खंडाळा ते पुणे ही दुसऱ्या टोकाची रेल्वे १८५८ साली सुरू झाली. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत फोडून व्हायचा होता. तोवर प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून नाहीतर पायी घाट चढून वर दुसरी गाडी पकडत. त्या काळच्या बायकांनी कडेवर मूल घेऊन हा मधला टप्पा कसा केला असेल, कोण जाणे. तेव्हा एवढं करत असत, तर आपण निदान लोकलमधून उतरायला काय हरकत आहे!

जूनच्या सुरुवातीला तशी संधी आली. मुलं आधीच आजोबांबरोबर पुण्याला गेली होती, शाळा उघडायला आठ दिवस होते आणि मला माहेराहून एकटीनंच परतायचं होतं. आई म्हणाली, “अगं, एकटी बाई उल्हासनगरला उतरून करणार काय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. “बघणार,” एवढंच म्हटलं.

एकटीनं निघायचं तर सामान खांद्यावर मावेल एवढंच घ्यावं. बॅग कुणाला धरायला सांगायची सोय नसते, आणि जिना चढताना एक हात मोकळा लागतोच. मी एक साडी, एक पंजाबी ड्रेस, पाण्याची बाटली, चादर नि मुलांसाठी आईनं दिलेला चिवडा एवढंच घेतलं. कर्जतहून पुण्यापर्यंतचं संध्याकाळचं आरक्षण आधीच करून ठेवलं होतं. अलीकडच्या टप्प्यांची लोकलची तिकिटं जागच्या जागी काढली. ती पाच-दहा रुपयांचीच बाब आहे. सकाळी मुंबईहून उलट दिशेला जाणाऱ्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात खिडकीसुद्धा मिळते, बरं का! समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांना लोंबकळणाऱ्या बायका पाहून मात्र आपल्या रिकाम्या बाकाची लाज वाटते.

उल्हासनगरला उतरून रिक्षात बसले तर रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न, “कौनसा कॅम्प?” गावाचे भाग अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच असेच ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची ‘कल्याण ट्रान्झिट कॅम्प’ म्हणून छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. सगळं मागे टाकून आलेल्या लोकांच्या गावाला हे नाव! पण लोकांनी ते खरं करून दाखवलं. फर्निचर, कापड, पापड, लोणची, काय नाही इथं! आपल्या मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ लिहून त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगत, हा विनोद तर आपण सगळ्यांनीच ऐकलाय.

गोल मैदानाच्या बाजूला डाळ-पकवानाचा नाश्ता केला. कुरकुरीत तळलेलं पकवान, त्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी नि कच्चा कांदा. एकटीनं टेबलावर बसून खायचा मला आधी संकोच वाटत होता. शेजारच्या टेबलावर दोन कॉलेजकुमारी होत्या, त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा तो गेला.

मग पापडांच्या एका दुकानात शिरले. गल्ल्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. मी घाम पुसते आहे हे पाहून त्यांनी आधी बसायला स्टूल दिलं, मग भाजलेला पापड आणि पाणी आणवलं. सिंधी घरात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत, सोबत पापड असतोच. त्या हिंदी-मराठी मिसळून बोलत होत्या. जन्म इथल्या बराकीतला. आई-वडील कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि तिथून इथं आणले गेले. “आई ट्रंक खोलायचीच नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणायची, थोडे दिन की बात है, कशाला सामान काढायचं? मी पाच वर्षांची झाले तरी आमच्या चादरी ट्रंकेत.” पुढं बराकीच्या जागी पक्कं घर झालं, तरी पत्त्यात बराकीचा नंबर राहिला. ती ट्रंक अजून घरात आहे, आता तिच्यात नातवाच्या क्रिकेटच्या बॅटी असतात. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कुणाकडे आलात?” मी म्हटलं, “कुणाकडेच नाही, गाव बघायला.” त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू आलं. अर्धा किलो पापडांवर त्यांनी चार खिचे फुकट घातले.

उल्हासनगरहून अंबरनाथ पुढचंच स्टेशन. आमच्या लहानपणी घरात विमकोच्या काड्यापेट्या असायच्या. एका स्वीडिश कंपनीनं १९२०च्या दशकात उभा केलेला तो कारखाना इथलाच. तो बंद पडला, पण पश्चिमेला विमको नाका अजून आहे. आणि गाडीत आपण ‘रेल नीर’ पितो, त्याचाही एक कारखाना अंबरनाथलाच आहे. माझ्या हातातल्या बाटलीवर तसं छापलेलं होतं, इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं.

मी उतरले ते पूर्वेला, शिवमंदिरासाठी. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात ते पुरं झालं. काळ्या दगडाचं आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर मोकळा हात टेकवायला जागा नाही इतकं कोरीवकाम! वारापावसानं नाकडोळे झिजलेल्या सुरसुंदऱ्या, तरी त्यांच्या उभं राहण्यातला ठसका कायम. मला एक गंमत वाटली. बायकांनी असं कामाशिवाय, वेळ न बघता, नुसतं छान उभं राहिलेलं आपण भिंतीवरच बघतो.

आत गेल्यावर गाभाऱ्यात वर चढायचं नसतं. जवळजवळ वीस पायऱ्या खाली उतरायच्या असतात. पिंडी तिथं खाली, आणि शिखर पुरं नसल्यामुळे वर थेट आकाश. बाहेर रणरणतं ऊन होतं नि खाली गारवा. मी भिंतीशी पंधरा मिनिटं टेकले. हार-फुलं घेऊन आलेल्या एक बाई थांबून म्हणाल्या, “एकट्याच? काही नवस आहे का?” नाही म्हटलं तर त्यांचं समाधान होईना. शेवटी “मुलीची दहावी आहे पुढच्या वर्षी,” असं सांगून मी त्यांची सुटका केली. (माझी मुलगी चौथीत आहे.)

मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते. खरं म्हणजे नदी म्हणायला जीभ रेटत नाही. कारखान्यांचं नि वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेऊन ती इथून उल्हासनगर, कल्याणकडे जाते. नऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी काठ बघून ही जागा निवडली, त्यांना आज नाकाला पदर लावूनच दर्शन घ्यावं लागलं असतं. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते, दूरदूरहून माणसं येतात, आणि नदीकडे पाठ करून रांगेत उभी राहतात.

आता जरा अडचणीचं बोलते, कारण एकटी निघणारी प्रत्येक बाई हाच प्रश्न आधी विचारते. बाथरूमचं काय? या वाटेवरच्या एका स्टेशनात, नाव घेत नाही, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी सांगेन, जेवायला बसायचं हॉटेल निवडताना आधी तेवढं विचारून घ्या. जेवण दोन घास कमी चवीचं चालेल. आणि पाणी कमी प्यायचा आपला जुना उपाय उन्हाळ्यात मुळीच करू नका.

जेवून तीनच्या सुमाराला बदलापूरला पोचले. हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट सांगतात. पूर्वी गुजरातकडे जाण्या-येण्याच्या वाटेवर इथं दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत. घोडे बदलायचं गाव म्हणून बदलापूर. खरं असो नसो, गोष्ट गावाला शोभते. आज रोज पहाटे हजारो माणसं इथून लोकल धरतात. मुंबई इथून अडुसष्ट किलोमीटर, म्हणजे व्हिएन्ना-ब्रातिस्लाव्हापेक्षाही लांब! बहिणीला हे मी कळवलं, तर तिचा विश्वास बसेना की इतक्या लांबून बायका रोज कामाला जातात, आणि परतताना डब्यात भाजी निवडून घरी पोचतात.

स्टेशनाबाहेर जांभळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टपोरी, जांभळीकाळी, आणि खाल्ल्यावर जीभ दाखवून हसायची ती जुनी मजा. जांभळं विकणारी मावशी बोलकी होती. २० ऑगस्ट २०२४ चं तिनंच काढलं. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले म्हणून गाव रुळावर उतरलं होतं, सकाळपासून नऊ-दहा तास एकही गाडी हलली नाही, संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवून रूळ मोकळे केले. “मीपण पाटी घरी ठेवून आले होते,” मावशी म्हणाली. “माझी नात तेवढीच.” मग वजन करता करता म्हणाली, “आता तिला शाळेत मी सोडते नि मीच आणते. धंदा दोन तास बंद. काय करणार, ताई?” मी काय बोलणार? मीही चार वर्ग शिकवते, मुलींना फाटकाशी घ्यायला आलेल्या आज्या रोज बघते. दोन द्रोण जांभळं घेतली, तिनं वर एक मूठ टाकली.

बरवी धरण, कोंडेश्वरचा धबधबा ही बदलापूरची ठिकाणं मी मुद्दाम सोडली. पावसाआधी तिथं काही नसतं आणि पावसात एकटीनं जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगते. इथल्या पाण्याची गंमत करू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले होते.

पुढं वांगणी, नेरळ करत कर्जत. तिथं वडा खाल्ला, चहा घेतला, संध्याकाळची पुण्याची गाडी आली. घाटात अंधार झाला होता. खिडकीला नाक लावून मी बोगदे मोजायचा प्रयत्न केला आणि विसाव्याच्या आसपास गणती चुकली.

रात्री दहाला घरी पोचले. मुलं झोपली होती. सासूबाईंनी पान वाढलं, जांभळं धुऊन मीठ लावून ठेवली, एक तोंडात टाकलं.

“गोड आहेत गं. कुठली?”

“बदलापूरची.”

“बदलापूरला कोण असतं आपलं?”

“कुणी नाही,” म्हटलं, आणि पापड भाजायला घेतले.