बाईंची बोट

ओसाकाहून बेप्पूला मी रात्रीच्या बोटीने गेले ते बाईंच्या हट्टापायी. रेल्वेने चार तासांचं काम. पण निघण्याआधी सदाशिव पेठेत त्यांना भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, "समुद्रातून जा. आणि केबिन घेऊ नकोस, बायकांच्या मोठ्या खोलीत झोप. केबिनमध्ये तुझ्याशी बोलणार कोण?"

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकल्या आणि पुढे घरातल्या पुढच्या खोलीत आमच्यासारख्यांना शिकवत राहिल्या. फीचा विषय काढला की "परीक्षा तर होऊ दे" म्हणायच्या; परीक्षा झाली की विसरायच्या. लहानपणी दर मे महिन्यात त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जात. डेकवर चटई टाकून जागा धरायची, कुणाला बोट लागली की लिंबू पुढे करायचं, आणि वेंगुर्ल्याला भर समुद्रात पडावात उतरायचं. ती बोट कधीच बंद झाली. रात्रभर शेजारी झोपलेली बाई सकाळी परकी उरत नाही, हा बाईंचा सिद्धांत मात्र शाबूत होता.

2017 साल. 'सनफ्लॉवर' संध्याकाळी सातच्या सुमारास सुटली. बूट काढून आत जायचं, पातळ गादी, छोटी उशी, पांघरूण. शेजारी बेप्पूच्या एक आजी, ओसाकाला लेकीकडे राहून परत निघालेल्या. बाईंनी घोटून घेतलेलं आदरार्थी वाक्य मी म्हटलं, तर त्या खुदकन हसल्या. "अशी माझी सासू बोलायची!" म्हणजे माझ्या तोंडून बाईच बोलत होत्या, आणि त्याही एक पिढी मागच्या.

मग आजींनी माझा ताबाच घेतला. बोटीवरच्या सार्वजनिक न्हाणीघरात मला नेलं. पेठेतल्या संकोचाला तिथे कुणी विचारत नाही. आधी अंग स्वच्छ धुवायचं, मगच कढत पाण्यात उतरायचं, हे त्यांनी शेजारी बसून शिकवलं. सेतोचा मोठा पूल आला तेव्हा उत्तरेकडे हात करून म्हणाल्या, "ते ओकायामा." मी म्हटलं, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आमच्या पुण्यात सिंहगड रस्त्यावर बाग आहे, एका मोठ्या लेखकाच्या नावाची. त्यांना ते खरं वाटेना. फोनमधला फोटो दाखवावा लागला.

मध्यरात्रीनंतर त्यांनी मला हलवून उठवलं. कुरुशिमाची सामुद्रधुनी आली होती. आजींचे यजमान मालवाहू जहाजावर होते, म्हणून त्यांना तिथलं सगळं पाठ. त्या चिंचोळ्या पाण्यात प्रवाह दहा नॉटपर्यंत धावतो. पाणी पाठीमागून येत असेल तर जहाजाने मधल्या वाटेने जायचं, समोरून येत असेल तर पश्चिमेच्या. म्हणजे समोरासमोरच्या जहाजांनी कोणत्या बाजूने जायचं, ते भरती-ओहोटी ठरवणार. वर तीन झुलते पूल एकापुढे एक. वारा असा की बोलणं अर्धं उडून जात होतं, तरी त्या सांगतच होत्या.

सकाळी बेप्पूला उतरलो तर गावभर गरम झऱ्यांची वाफ. माझी बस येईपर्यंत आजी थांबल्या. कागदावर पत्ता लिहून दिला आणि "पोचलीस की कळव" म्हणाल्या. माझ्या आईनेही हेच सांगितलं होतं.

पुण्यात परतल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मग तुमची बोट कुठल्या वाटेने गेली?" मला सांगता येईना. "हेच विचार त्यांना," म्हणत त्यांनी कागद पुढे केला. आभाराचं पत्र त्यांच्या पसंतीला उतरेपर्यंत लिहावं लागलं. भाड्याची घरं बदलणं माझं चालूच होतं, म्हणून उलटपत्ता बाईंचाच घातला.

उत्तर आलं: पश्चिमेच्या. सोबत बाईंसाठी वेगळी चिठ्ठी. मग बाईंनी वेंगुर्ल्याच्या पडावाचं चित्र काढून पाठवलं, आजींनी यजमानांच्या जहाजाचा फोटो. नव्या वर्षाचं कार्ड दर जानेवारीत येतं ते बाईंच्या नावाने. माझी चौकशी शेवटच्या ओळीत असते. मी सिटी पोस्टातून तिकिटं आणून देते. त्याचे पैसे मात्र बाई पै-पैशासकट हातावर ठेवतात.