मिरगाआधीची पत्रं

कुडाळजवळून, २७ मे

ती. आईस,


इथे रोहिणी लागल्यात आणि सगळा गाव आगोटीच्या कामाला जुंपलाय. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटर पाऊसही धड होत नाही. इथे तीन हजारांच्या घरात पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून मीठ-मिरचीपासून जळणापर्यंत सगळी बेगमी आत्ताच. मी उतरलेय त्या घरी आजी एकट्याच असतात, मुलं मुंबईला. अंगणभर रातांब्यांची सालं वाळताहेत. फळ फोडून बिया काढायच्या, सालं त्याच्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रसात. काळीभोर होईपर्यंत हेच. बियांचं कोकमतेल निघतं, पावसात पायांना चिखल्या झाल्या की लावायला.

काल संध्याकाळी शेजारच्या मुलाने गडग्यापलीकडूनच हाक दिली, "आजये, उद्या शिडी घेऊन येतंय." आज उजाडताच तो आणि त्याचा भाऊ छपरावर. एकेक नळा उचलायचा, खालचा पालापाचोळा झाडायचा, फुटका असेल तो खाली द्यायचा, आणि वरच्याचं तोंड खालच्यावर नीट बसेल असा परत लावायचा. मी खालून धड नळे देत होते. आजींनी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि मजुरीचा विषय कोणी काढला नाही. सांगावं लागत नाही का, असं मी आजींना विचारलं. "पावस काय इचारून येतलो?" म्हणाल्या.

आई, हे मनातून जात नाही. 'काही लागलं तर सांगा' असं आपण सगळ्यांनाच म्हणतो, मनापासून म्हणतो. पण मग तोंड उघडायचं ते अडलेल्यानेच. आणि जो खरा अडलेला असतो त्यालाच ते सगळ्यात जड जातं. इथे मे सरत आला की कोणाचं छप्पर बघायचंय, कोणाकडे लाकडं भरायला माणूस नाही, हे वाडीला ठाऊकच असतं.

मालवण, १ जून

ती. आईस,

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. होड्या वर ओढून झाकताहेत. बाजारात सुक्या बांगड्यांच्या, सुकटीच्या राशी. आजींनी दिलेली यादी त्यांच्या एकटीच्या मानाने फार मोठी होती. कुठल्या घरचं कोण बाजारापर्यंत येऊ शकत नाही, ते त्या यादीतच होतं.

कुडाळजवळून, ८ जून

ती. आईस,

मिरग बरसला. परवा आभाळ भरून आलं तेव्हा आजींनी मला पडवीतली लाकडं निवडायला बसवलं. उत्तम वाळलेली, बारीक चिरलेली फाटी वेगळी काढली, जाड ओंडके स्वतःच्या चुलीला. खालच्या वाडीत आषाढात एक माहेरवाशीण बाळंत व्हायची आहे. तिच्या न्हाणीला आणि शेकाला दमट लाकूड लागलं, तर त्या धुरात बाळाचे डोळे चुरचुरतील. त्या घरी अजून कोणी काही मागितलेलं नाही. भारा बांधून, वर झाप टाकून ठेवलाय. सांजेला कोणीतरी घेऊन जाईल.

तुझ्या कुरडयांच्या दिवशी पहाटे चीक घोटायला चार घरच्या बायका जमतात, आणि समोरच्या काकूंचा हात मोडला त्या वर्षी तुम्ही त्यांच्याही कुरडया घालून दिल्यात, ते इथे बसून आठवलं. त्यांनी मागितल्या होत्या का गं? भेटल्यावर सांग.

दादाला एवढं जरूर सांग: गच्चीवरच्या खोलीत ती दोन कॉलेजची मुलं राहतात, तिथला पत्रा कोपऱ्यात गळतो. ती भिडस्त आहेत, बोलणार नाहीत. आपल्याकडे पाऊस लागायच्या आत माणूस बोलावून बुजवून घ्यावं. पैसे मी आल्यावर देते.

तुझी,
सुमा