वेळापत्रकावरच्या खुणा

2004पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. नोव्हेंबरात पणजीला निघालेला मराठी रसिक वेळापत्रक हाती येताच पेन घेऊन बसतो. एकाच वेळी दोन खेळ लागलेले असतात: कान महोत्सवात गाजलेला सिनेमा आणि कुणा नवख्याचा माहितीपट. जीव दोन्हीकडे ओढतो.

पण गाजलेला सिनेमा पुढे कुठेतरी गाठता येतो. माहितीपटाचं तसं नाही. म्हणून पहिली खूण त्याच्यावर. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’च घ्या. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक किनाऱ्यालगत वडिलोपार्जित पद्धतीनं जाळं टाकतो, दुसरा खोल समुद्रात दिव्यांच्या झोतात मासळी ओढणाऱ्या तंत्राकडे वळतो. मासळी घटतेय, कर्ज वाढतंय, मैत्रीवर ताण येतोय. 2023मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. आपल्या किनाऱ्याची ही गोष्ट आधी अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिली, ही रुखरुख खरीच.



खुणा मात्र मोजक्याच करा. दिवसाला पाच खेळ कोंबले, की रात्री एकही नीट आठवत नाही. तीन पुरे. खेळ संपल्यावर दिग्दर्शक बोलणार असेल, तर पुढच्या रांगेसाठी धावू नका. थांबा आणि प्रश्न विचारा.