बिंगो-ओचिआइचें जंक्शन

जपानांतील हिरोशिमा प्रांताच्या उत्तरेकडील डोंगरांत बिंगो-ओचिआइ नांवाचें एक जंक्शन आहे. 'बिंगो' हें त्या मुलखाचें जुनें नांव. 'ओचिआइ' म्हणजे जेथें प्रवाह एकत्र येतात ती जागा. आपल्याकडे संगम म्हटला कीं घाट, देऊळ आणि गर्दी हीं ठरलेलीं. या संगमावर आम्ही २०१९ च्या शरदांत उतरलों, तेव्हां तिकिट मागावयास देखील कोणी पुढें आलें नाहीं. १९९७ पासून तेथें स्टेशनमास्तरच नाहीं.

आम्ही पूर्वेकडून, निइमीहून आलों. गाडी म्हणजे डिझेलवर चालणारा एकच डबा. गार्ड नाहीं, ड्रायव्हरच तिकिटें घेई. तोजोच्या पुढें दिवसांतून अवघ्या तीन फेऱ्या. डब्यांत आठ-नऊ माणसें होतीं व बहुतेकांच्या गळ्यांत कॅमेरे होते. एक वृद्ध बाई मात्र मांडीवर गांठोडें घेऊन बसली होती. वाटेंतल्या एका निर्जन स्थानकावर ती ड्रायव्हरास वांकून नमस्कार करून उतरली. कोठें तरी जावयाचें म्हणून गाडींत बसलेली अशी ती एकटीच होती, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. आम्ही खिडकीबाहेरचे तांबडे मेपल पाहण्यांत गुंग होतों.

या ठिकाणीं पश्चिमेकडचे रूळ १९३५ सालीं पोंचले, पूर्वेकडचे १९३६ त येऊन मिळाले, आणि १९३७ च्या डिसेंबरांत उत्तरेकडून किसुकि लाइन डोंगर चढून आली. ही चढण मोठी मौजेची आहे. इझुमो-साकाने येथें गाडी एकदम वर जाऊं शकत नाहीं. ती थांबते, उलट दिशेनें चढते, पुन्हां थांबते आणि मग पुढें तोंड करून निघते. असे तीन मजले करीत ती सुमारें १६० मीटर चढून मिइनोहारा स्थानकांत, म्हणजे ७२७ मीटर उंचीवर जाते. खंडाळ्याच्या घाटांत १८६३ पासून असेंच एक उलटें फिरण्याचें स्टेशन होतें. पुढें नवे बोगदे झाले आणि तें बंद पडलें. साकानेस नवा बोगदा मिळाला नाहीं. मिळाला तो प्रतिस्पर्धी : १९९२ सालीं त्याच दरींत मोटारींसाठीं दुहेरी वळणाचा प्रचंड पूल उभा राहिला. आठ डोक्यांच्या पौराणिक सर्पाचें 'ओरोचि' हें नांव त्यास दिलें आहे. आगगाडी जेथें धापा टाकीत मागें-पुढें करते, तेथून तो पूल समोरच दिसतो. हा विनोद कोणी मुद्दाम केला असेल असें वाटत नाहीं.

वाफेच्या काळांत या जंक्शनावर शंभराहून अधिक रेल्वे-नोकर होते. इंजिनें फिरवावयाचें चक्र होतें. तें आज गवतांत बुजलें आहे. हिरोशिमाहून मात्सुएकडे जाणारी 'चिदोरि' एक्सप्रेस येथूनच डोंगर ओलांडी. फलाटावर ओदेन घातलेला ऊन ऊन उदोन विकत, आणि थंडींत गाडी बदलणाऱ्या उतारूस त्या वाडग्याचें महत्त्व काय असेल हें आम्हांस सांगावयास नको. १९८३ त चुगोकु महामार्ग पुरा झाला. १९९० त चिदोरि बंद पडली. मग राहिलें तें दुपारचें मीलन.

अडीचच्या सुमारास तिन्ही दिशांचे तीन डबे येऊन तीन रुळांवर उभे राहतात. दिवसांतून एवढ्या वेळापुरतेंच तें खरोखरीचें जंक्शन असतें. उतारू एका डब्यांतून दुसऱ्यांत जातात, चित्रें घेतात, भिंतीवरील जुनीं छायाचित्रें पाहतात. वीसेक मिनिटांत तिन्ही डबे निघून जातात आणि फलाट ओस पडतो. आम्हीहि चित्रें घेतलीं. खरें सांगावयाचें तर, दूरच्या नातलगाच्या आजारपणांत फळें घेऊन जाणाऱ्या पाहुण्याचा जो किंचित् सुखावलेला उदासपणा असतो, तोच आमच्या मनांत होता.

पुढें २०२२ सालीं पश्चिम जपान रेल्वे-कंपनीनें आपल्या तोट्यांतील मार्गांचे आंकडे प्रसिद्ध केले. तोजो ते बिंगो-ओचिआइ या तुकड्यावर १०० येन मिळविण्यास २५,४१६ येन खर्चावे लागत. हा २०१७ ते २०१९ या तीन वर्षांचा हिशेब. आणि २०१९ सालीं तेथें प्रवाशांची दैनिक सरासरी होती ११.

हा अकराचा आंकडा वाचून आम्ही चपापलों, कारण त्यांत आम्हीहि होतों. त्या दिवशींच्या हिशेबांत आम्ही व ती गांठोडेंवाली बाई यांचें मोल सारखेंच धरलें गेलें असलें पाहिजे. आमच्यासारख्यांस वाटतें कीं आपण जाऊन लाइनीस आधार दिला. परंतु तिकिटाचे ते चार येन शंभरांच्या हिशेबांत कोठें लागणार? उलट, आमच्यामुळें तो आंकडा खऱ्या गरजेहून फुगला नाहीं कशावरून? आणि जो मार्ग केवळ पाहावयास येणाऱ्यांवर जगतो, त्यास दळणवळण म्हणावें कीं प्रदर्शन, हा प्रश्न कंपनीनें विचारला तर तो उद्धटपणाचा खास नव्हे.

२०२४ च्या मार्चमध्यें सरकार, कंपनी व स्थानिक संस्था यांची या मार्गाच्या भवितव्याविषयीं बैठक भरली. नव्या कायद्यान्वयें नेमलेलें अशा प्रकारचें हें जपानांतील पहिलेंच मंडळ. तेथें बोलावयाचा आम्हांस अधिकार नाहीं, कारण गाडी बंद झाली तर आमचें एक चित्र जुनें होईल, इतकेंच. परंतु अकरांतून आम्हांस आणि कॅमेरेवाल्यांस वजा करून उरतें काय, तें आम्हीं कित्येकदां मांडून पाहिलें आहे, आणि दर वेळीं ती बाई उरते. ती उतरली तेथें घर दिसत नव्हतें. झाडींतून एक पायवाट तेवढी वर गेलेली होती.