दहापैकी आठ

गेल्या चार महिन्यांत एकाच कंपनीनं आम्हाला अकरा वेळा विचारलं, की तुम्ही आमच्यावर खूश आहात का? अकरा हा आकडा अंदाजे नाही. बाबांनी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात. पस्तीस वर्षं इंदूरच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस अंदाजे काही बोलत नाही.

ही कंपनी टाइमशेअरवाली. ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकदाच मोठी रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं. शिवाय दरवर्षी देखभालीचा खर्च वेगळा, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. वर्षाचे दिवसही गर्दीप्रमाणे वाटलेले असतात. गर्दीच्या दिवसांची मेंबरशिप महाग, पावसाळ्यातली स्वस्त. बाबा 2008 साली निवृत्त झाले आणि 2009 मध्ये फंडाच्या पैशांतून त्यांनी महागातली घेतली. कारण एकच होतं. आईला आपल्या तिन्ही बहिणींबरोबर एक दिवाळी घालवायची होती. एक बहीण ग्वाल्हेरला, एक बडोद्याला, एक बेळगावला. चौघींपैकी कुणाच्याच घरी सगळ्यांची झोपायची सोय होणार नाही, म्हणून महाबळेश्वर ठरलं होतं.

जूनमध्ये आम्ही तिथे तीन रात्री राहून आलो. त्या तीन रात्रींचे हे अकरा सर्व्हे. बुकिंगचा फोन ठेवल्याठेवल्या एसएमएस, बुकिंग पक्कं झाल्यावर ईमेल. पोहोचल्यावर काउंटरवर टॅबलेट पुढे केला, जेवणानंतर बिलाबरोबर कार्ड आलं, खोली झाडून गेल्यावर व्हॉट्सॲप. निघताना छापील फॉर्म. घरी आल्यावर दोन दिवसांनी ईमेल, आठवड्यानं फोन. मग आईनं मला तक्रार करायला लावली, तर तक्रार ऐकून घेणाऱ्याबद्दल एक आणि तक्रार ‘बंद’ झाल्याबद्दल दुसरा. अकरावा म्हणजे आधीच्या एकाचं उत्तर दिलं नाही म्हणून आठवण!

बाबा हे सगळे सर्व्हे मन लावून भरायचे. खालच्या ‘आपल्या सूचना’च्या चौकोनात अक्षरं मावेपर्यंत लिहायचे. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं शेरे लिहिले, त्यामुळे कुणी मागितलेला शेरा वाचला जाणार नाही हे त्यांना पटतच नव्हतं. गुण मात्र ठरलेले, दहापैकी आठ. आपल्याकडे आठ म्हणजे चांगलेच की!

निघायच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा, जावळीकडचा, बाबांना हळूच म्हणाला, “काका, राग मानू नका, पण नऊ-दहा द्या. आठ दिले की आमच्या खात्यात काही धरत नाहीत. सहाच्या खाली गेलं तर वरून विचारणा होते.”

बाबा म्हणाले, “अरे, आठ म्हणजे तू उत्तम काम केलंस.”

“मला कळतंय काका, पण त्यांना नाही कळत.”

घरी आल्यावर मी हा हिशेब शोधून बाबांना दाखवला. ‘आमची शिफारस नातेवाइकांना, मित्रांना कराल का, शून्य ते दहा’ हा प्रश्न 2003 मध्ये फ्रेड रायकेल्ड या अमेरिकन सल्लागारानं ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखातून मांडला. नऊ आणि दहा देणारे खरे खूश. शून्य ते सहा देणारे नाराज. सात-आठवाले कुणातच नाहीत. खूश लोकांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा केली की कंपनीचा गुण निघतो. समजा शंभरातले 50 खूश, 30 मधले आणि 20 नाराज, तर गुण 30.

बाबांनी पेन्सिल घेतली आणि दोन मिनिटांत म्हणाले, “म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाला दहापैकी आठ पडले तर वर्गाचा निकाल शून्य? आणि शून्यवाला नि सहावाला एकाच बाकावर?” तसंच आहे. कंपनी किती लोकांना तोंड भरून कौतुक करावंसं वाटतं तेवढंच मोजते, आणि त्यात एका मर्यादेपर्यंत चूक नाही. पण तो आकडा खालच्या माणसांच्या पगाराला बांधला की गंमत होते. मग खोली चांगली ठेवण्याइतकंच गुण मागून घेणंही त्या मुलाचं काम होऊन बसतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा नियम हेच सांगतो, की मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही.

पण माझी खरी चीड वेगळीच आहे. उशी मऊ होती का, पोहे गरम होते का, फोनवरची मुलगी गोड बोलली का, हे सगळं अकरा वेळा विचारलं. ‘तुम्हाला हव्या त्या तारखा मिळाल्या का?’ हे एकदाही नाही. सोळा वर्षांत दिवाळीच्या तारखा दोनदा मिळाल्या, त्याही एकच खोली. चार बहिणी आणि त्यांची घरं एका खोलीत कशी मावणार? देखभालीचा खर्च मात्र दर वर्षी वेळेवर भरला. गेल्या श्रावणात ग्वाल्हेरची मावशी गेली. आता चौघींची दिवाळी होणार नाही. त्यानंतर ‘नातेवाइकांना आमची शिफारस कराल का’ असा प्रश्न फोनवर आला, तेव्हा आईनं उत्तर न देता फोन माझ्या हातात दिला.

सप्टेंबरमध्ये आम्ही सर्व्हे भरणं थांबवलं आणि एक पत्र लिहिलं. बाबांनी वहीतून काढून सोळा वर्षांतल्या प्रत्येक नकाराची तारीख दिली. करारातलं कलम, भरलेल्या रकमा आणि शेवटी एक मागणी, लेखी उत्तर द्या. ईमेलनं पाठवलं आणि स्पीड पोस्टनंही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करायची, मग ग्राहक आयोगाकडे जायचं, असंही ठरवलं होतं.

उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. दिवाळी नाही, पण देवदिवाळीच्या सुमारास दोन खोल्या लागून. सर्व्हेच्या चौकोनांतल्या इतक्या वर्षांच्या शेऱ्यांनी जे झालं नाही, ते दोन पानी पत्रानं निम्मं तरी झालं.

तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांनी अशी मेंबरशिप घेतली असेल, आणि फोन तुमच्याच हातात येत असेल. म्हणून सांगते, सर्व्हे म्हणजे तक्रार नव्हे. त्यातल्या चौकोनात लिहिलेल्याची नोंद आपल्याकडे उरत नाही. 1909 वर जाहिरातींचे फोन बंद करता येतात, पण आपण ज्यांचे ग्राहक आहोत त्यांचे सेवेचे संदेश त्यात अडत नाहीत, म्हणून सर्व्हे नकोत हे कंपनीलाच लेखी कळवा. काउंटरवरच्या मुलाला खुशाल दहा द्या, तारखा त्याच्या हातात नसतात. आणि वही काढून आईबाबांशेजारी तासभर बसा. कुठल्या वर्षी काय मागितलं होतं, हे त्यांना आठवत असतं.

पत्राच्या उत्तराबद्दल बारावा सर्व्हे आलाच. तो बाबांनी स्वतः भरला, आठ देऊन. बेळगावची मावशी साताऱ्यापर्यंत रेल्वेनं येणार आहे, बडोद्याची पुण्याहून आमच्याबरोबर. आईनं चकलीची भाजणी दळायला टाकली आहे.