बंदुकीचा कागद

आपल्या भागात एखादे पोर कॉलेजात जाऊ लागले, की गाव त्याला आधी कागद लिहायला लावते. नोकरी, पगार या गोष्टी पुढच्या. विहिरीचा अर्ज, फेरफाराची नोंद, निराधार योजनेत नाव घालण्याची विनंती, वीजबिलाची तक्रार; जे येईल ते लिहायचे. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, म्हणून माझ्याकडे ही कामे जरा जास्तच येतात. अशा अर्जांना फारसे डोके लागत नाही. ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ एवढे एकदा हाताला बसले म्हणजे पुढचे आपोआप सुचते. पण यंदा हरभरा घाट्यावर आलेला असताना जो कागद मला लिहायला सांगण्यात आला, त्याने माझे तीन आठवडे घेतले. त्याविषयीच येथे चार शब्द लिहीत आहे.

“कॉलेजात शिकून रायला ना बावा तू, मंग खासदाराले एक कागद लिहून दे आमचा,” असे मोठे बाबा म्हणाले. मागणी एका ओळीची होती. शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना सहज मिळेल असा कायदा करावा.

या मागणीमागचे दुःख वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. शहरातून आलेल्या मित्रांसाठी मात्र थोडे सांगतो. रात्री दहा-बारा रोह्यांचा कळप वावरात शिरला, की खातो थोडे आणि तुडवतो फार. रानडुकरे आली तर ती जमीनच उकरून टाकतात. सोयाबीन उगवल्यापासून हरभरा घरी येईपर्यंत घरातल्या कर्त्या माणसाची झोप वावरातच होते. याला आम्ही जागल म्हणतो. थंडीच्या दिवसांत मचाणावर घोंगडे पांघरून बसायचे, बॅटरी फिरवायची, डबा वाजवायचा, सुतळी बॉम्ब फोडायचा. बॉम्ब फुटला की रोही शेजारच्या वावरात जातात. तिथल्या जागल्याने बॉम्ब फोडला की पुन्हा आपल्याकडे येतात. बायकांच्या जुन्या साड्या धुऱ्यावर बांधून झाल्या. ज्याला जमले त्याने झटका मशीन बसवली. काही जण तर तारेत सरळ विजेचा प्रवाह सोडतात, आणि त्यात जनावराबरोबर माणूसही जातो. तेव्हा बंदुकीची मागणी हौसेची नव्हती. झोप न झालेल्या माणसांची ती मागणी होती.

कागद लिहिण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहावे, असे मनात आले. ग्रंथालयात आणि राज्यशास्त्राच्या सरांकडे चार खेपा झाल्या. जे हाती लागले ते माझ्या कल्पनेपेक्षा वेगळे होते.

आपल्याकडे बंदुकीचा कारभार शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे चालतो. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाचा प्रत्यक्ष उल्लेख आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडून दारू ठासून भरतात त्या भरमार बंदुकीचा, परवाना देण्याची तरतूद तेथे आहे. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. जो कायदा व्हावा असे गाव म्हणत होते, तो सहा दशकांपासून पुस्तकात होताच. अर्ज खासदाराकडे करायचाच नव्हता, जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी यांच्याकडे करायचा होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बंदूक हाती आली म्हणून रोही मारता येत नाही. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आडवा येतो. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जनावर मालमत्तेला घातक झाले आहे असे त्या अधिकाऱ्याला पटले पाहिजे. या मालमत्तेत उभी पिकेही धरलेली आहेत, हे वाचून मला बरे वाटले. त्याखेरीज बासष्टाव्या कलमाखाली केंद्र सरकार एखादे जनावर ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवू शकते. बिहारमधील काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबतीत २०१५ च्या डिसेंबरात तसे झाले. पुढे २०१६ मध्ये तेथील मोकामा भागात रोही मारले गेले ते बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांकडून. तेथेही कास्तकाराच्या हाती बंदूक आली नाही.

तिसरी गोष्ट, पत्र कुणाला लिहायचे? आमच्या गावात आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्य या तिघांकडे एकच निवेदन देण्याची पद्धत आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पाहिले तर शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे. म्हणजे शस्त्रांचा कायदा बदलण्याचे काम संसदेचे आहे, विधानसभेचे नाही. वन्य प्राण्यांचे संरक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई हे राज्याच्या वनविभागाकडे. एका रोह्यामागे एवढी दारे आहेत, आणि आम्ही सगळ्या दारांवर एकच चिठ्ठी चिकटवत होतो.

आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यात, म्हणून आमचा लोकसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीम. माझा एक वर्गमित्र रिसोडकडचा आहे. त्याचा जिल्हा वाशीमच, पण रिसोड आणि मालेगाव तालुके लोकसभेसाठी अकोला मतदारसंघात मोडतात. त्याने पत्र लिहायचे ठरवले तर ते दुसऱ्याच खासदाराकडे जायला हवे. हे त्याला सांगितले तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला.

एवढे समजल्यावर मनात प्रश्न आला, की अशा पत्रांनी काही होते का? म्हणून थोडे मागे जाऊन वाचले. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला तेव्हा हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करावा असा ठराव केला. स्वराज्य आले आणि १९५९ चा कायदा झाला. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये सरकारने आणलेल्या विधेयकात ही मर्यादा एकवर आणली होती. त्यावर नेमबाज खेळाडूंनी आणि परवानाधारकांनी हरकती घेतल्या. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. शेवटी त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला तेव्हा एकाच्या जागी दोन हा आकडा होता. त्याच दुरुस्तीने लग्नावरातीत आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

हे वाचताना मला एक गोष्ट लागली. ज्यांच्याजवळ आधीच दोन-तीन बंदुका होत्या, त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचले. आमच्या गावातून त्या वेळी एक पोस्टकार्डही गेले नव्हते. असे काही विधेयक आले आहे, हे आम्हाला माहीत नव्हते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. स्कॉटलंडमधील डनब्लेन या गावी १३ मार्च १९९६ रोजी एका माणसाने शाळेत शिरून सोळा लहान मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. त्या बंदुका त्याने परवान्यानेच घेतलेल्या होत्या. गावकऱ्यांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी त्या दिवसांत फुलणाऱ्या स्नोड्रॉप या फुलाचे नाव देऊन एक अर्ज काढला. त्यावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ब्रिटनच्या संसदेने दोन कायदे करून हातातल्या छोट्या बंदुका खाजगी माणसांजवळ ठेवण्यास जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्या माणसांनीही प्रतिनिधींना कागदच लिहिला होता. फरक एवढाच, की ते बंदूक काढून घ्या म्हणत होते आणि आम्ही बंदूक द्या म्हणत होतो.

येथे माझी पंचाईत झाली. गावाने सांगितले तसे लिहून द्यावे, की मला जे पटत नाही ते बोलून दाखवावे? मी एकोणीस वर्षांचा. जागलीला बाबा जातात, मी वसतिगृहात चार भिंतींत झोपतो. मला परवाने सैल व्हावेत असे वाटत नव्हते, पण ते म्हणण्याचा अधिकार मला आहे का, हे कळेना. बाबांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “तुले समजते तसं कर.” मायला विचारले. ती चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “रोही पीक हाय तोवर येते. धुऱ्याचं भांडण बाराही मयने असते. घरात बंदूक असली त ते कोणावर निघन, सांग.”

यावर मला उत्तर नव्हते. धुऱ्यावरून भावाभावांत झालेली भांडणे आमच्या गावानेही पाहिली आहेत. काठी निघते, विळा निघतो, डोके फुटते, टाके पडतात आणि दिवाळीला पुन्हा बोलणे सुरू होते. त्या जागी बंदूक असती तर पुन्हा बोलणे सुरू करायला दोघांपैकी एकच उरला असता.

पारावर बैठक झाली तेव्हा मी आधी कायदा वाचून दाखवला आणि मग मायचे म्हणणे तिचे नाव न घेता सांगितले. आवाज चढले. “चार बुकं काय शिकला, रोह्याची बाजू घेऊन रायला,” असे एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, “मंग तू ये जागलीले.” हे बोलणे खरे होते, म्हणून लागले. मी म्हटले, “येतो.” आणि त्या आठवड्यात चार रात्री बाबांच्या जागी मी गेलो. पहाटे तीनच्या थंडीत कळप आला तेव्हा हातात बंदूक असती तर मीही चालवली असती, हे येथे प्रामाणिकपणे लिहितो. पण त्याच अंधारात पलीकडच्या धुऱ्यावर कुणाची तरी बॅटरी हलत होती. तो माझा चुलतभाऊ होता. रोही कुठे आणि माणूस कुठे, हे तिथून ओळखू येत नव्हते.

पुढच्या बैठकीत मी हे जसेच्या तसे सांगितले. मोठे बाबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मंग काय लिवाचं ते सांग.”

शेवटी एका कागदाचे दोन झाले. खासदारांच्या पत्रात बंदुकीचा कायदा सैल करा असे लिहिले नाही. त्यांनी लोकसभेत एक प्रश्न विचारावा एवढीच विनंती केली. पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी आपल्या भागातून किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि रोही व रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी केंद्र सरकार कोणता उपाय करणार आहे? प्रश्न विचारणे हे खासदाराच्या हातचे काम आहे, आणि मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. दुसरे पत्र आमदारांना. त्यात सामूहिक कुंपणासाठी अनुदान आणि पंचनामा वेळेवर व्हावा, या दोन मागण्या. दोन्ही पत्रांवर एकतीस जणांच्या सह्या झाल्या. त्यांत नऊ बायका आहेत. त्यांपैकी कित्येकींच्या नावावर सातबारा नाही, पण निंदण त्या करतात आणि तुडवलेले पीक सकाळी पहिल्यांदा त्यांनाच दिसते, असे म्हणून त्यांनी सह्या मागून घेतल्या. माझी मायही त्यांत आहे. दोघे जण शेवटपर्यंत म्हणत राहिले, की बंदूकच हवी होती. त्यांनी सही केली नाही. त्यांच्यावर कुणी रागावले नाही, आणि त्यांचे म्हणणे मी खासदारांच्या पत्रात एका वाक्यात नोंदवले. गावाचे पत्र म्हणायचे तर तेही त्यात असायला हवे होते.

पत्रे मागच्या सोमवारी स्पीड पोस्टाने गेली. उत्तराची वाट पाहण्याइतके दिवस अजून झालेले नाहीत. हरभरा अजून उभा आहे आणि बाबा रात्री वावरातच असतात. आपल्यापैकी कित्येकांना सुटीत घरी गेल्यावर असा एखादा कागद लिहावा लागणार आहे. तेव्हा लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. जे मागतो आहोत ते देणे नेमके कुणाच्या हाती आहे? आणि ते मिळाले तर मागितलेल्या कामाखेरीज आणखी कशाकशाला वापरले जाईल? पहिल्याचे उत्तर ग्रंथालयात मिळते. दुसऱ्यासाठी मला चुलीपर्यंत जावे लागले.